वैशाखातलं धुकं

एप्रिल लागला की आमच्या रुग्णालयाच्या आवारात गवताच्या जाळ्यांनी भरलेला एक टेम्पो येतो. शिपाई शिवाप्पा त्या जाळ्या कूलरच्या तिन्ही बाजूंना बसवतो, टाकीत पाणी सोडतो, बटण दाबतो, आणि व्हरांड्यात तो वास पसरतो. ओल्या गवताचा, थोडा मातीचा, थोडा बंद हौदाचा. बाकांवर बसलेली माणसं एकाच वेळी माना वर करतात. कुणी पदर सैल करतं, कुणी टोपी काढून मांडीवर ठेवतं. "आता जिवात जीव आला," असं कुणीतरी म्हणतंच.

मी मात्र तो वास आला की सूक्ष्मदर्शकाच्या खोलीच्या दाराकडे बघते. दार लागलंय ना, झडप बंद आहे ना. त्या उन्हाळ्याला आता काही वर्षं झाली, पण मान आपोआप वळते.

सोलापूरच्या उन्हाळ्याला नावं ठेवणारे पुष्कळ आहेत आणि त्यांचं खोटं काही नाही. पण त्याच्यात एक गुण आहे, तो कोरडा आहे. दोरीवर टाकलेलं धोतर पाठ फिरवेपर्यंत वाळतं. ओठ फुटतात, दरवाजे आक्रसतात, लाकडी खुर्च्या रात्री कुरकुरतात. फ्रिजमधून काढलेली बाटली टेबलावर ठेवली तर तिला घामही येत नाही. इथली हवा निर्दय असेल, पण ती काही लपवत नाही. दुपारी सात रस्त्याला उभं राहिलं तर दूरच्या पाटीवरचं शुद्धलेखन तपासता येतं, आणि ते तपासण्यासारखं असतंही. धुकं आम्हाला माहीत आहे ते कॅलेंडरवरच्या महाबळेश्वराच्या चित्रातलं. ते आपल्याकडे येईल, आणि तेही वैशाखात, एका बंद खोलीत, तळहातात मावेल एवढ्या काचेवर, हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

माझं काम अंधारातलं आहे. किडनीच्या रोग्याच्या पाठीतून सुईनं शेवयाच्या तुकड्याएवढा एक धागा काढतात. तो गोठवून अतिशय पातळ कापायचा, त्यावर एक खास रंग सोडायचा, आणि अंधाऱ्या खोलीत निळ्या प्रकाशाखाली धरायचा. रोग असेल तिथे तो रंग चिकटतो आणि हिरवा उजळतो. नसेल तिथे काळोख. हा उजेड इतका मंद असतो की साध्या कॅमेऱ्याला तो दिसत नाही. कॅमेरा स्वतःच्याच उष्णतेनं खोटे ठिपके पाहायला लागतो, तापात माणूस बरळतो तसा. म्हणून आमच्या कॅमेऱ्याचा आतला डोळा बर्फापेक्षाही थंड ठेवलेला असतो. फोटो मी काढायचे आणि पुण्याला पाठवायचे. तिथल्या एक डॉक्टरबाई ते पडद्यावर बघून रोगाचं नाव सांगणार. सोलापुरात हात, पुण्यात डोळे, अशी वाटणी.

कॅमेरा आला तेव्हा त्याचं उद्घाटन झालं होतं. सूक्ष्मदर्शकाला हार घातला होता. तो इतका मोठा होता की सूक्ष्मदर्शक नवरदेवासारखा गुदमरला होता. झेंडूच्या पाकळ्या पुढे कित्येक दिवस मला खाचाखोचांत सापडत होत्या. पाहुण्यांसाठी पडद्यावर किडनीऐवजी गुलाबाचा फोटो लावला होता, कारण किडनी शुभ दिसत नाही असं विश्वस्तांचं मत पडलं. भाषणात सोलापूर पुण्याच्या पुढे गेलं. मग पाहुणे जेवायला गेले आणि मी गुलाब काढून टाकला.

कूलरचं उद्घाटन त्यानंतरच्या गुढीपाडव्याला झालं आणि ते जास्त थाटात झालं. कूलर आप्पासाहेबांनी दिला होता. सूतगिरण्यांच्या दिवसांत नावारूपाला आलेले, आता थकलेले, पांढऱ्या शर्टातले गृहस्थ. कूलर म्हणजे घरातला नव्हे. लग्नाच्या मांडवात असतो तसला, पुरुषभर उंचीचा. त्याच्या पत्र्यावर लाल अक्षरांत त्यांच्या आईचं नाव, वर 'कैलासवासी', खाली 'स्मरणार्थ'. आपल्याकडे स्मरणार्थ दिलेली वस्तू ही वस्तू राहत नाही. तो बाक असो, पंखा असो, पाणपोईची टाकी असो, ती हलवायची नाही, रंगवायची नाही, आणि देणारा जिवंत असेपर्यंत बंद तर करायचीच नाही. आप्पासाहेब दर दोन-चार दिवसांनी यायचे, बाकावर बसायचे आणि त्या वाऱ्यात डोळे मिटायचे.

कूलर आमच्या खोलीच्या भिंतीला लागून ठेवला. त्याच सुमारास आमचा एसी मेला. दुरुस्तीचा कागद या टेबलावरून त्या टेबलावर फिरायला लागला. तोवर काय करायचं, तर कुणीतरी सुचवलं की मधल्या भिंतीतली झडप उघडा, कूलरचा वारा आत घ्या. कॅमेऱ्याला थंड हवं, कूलर थंड देतो, मग अडचण कसली? डॉक्टरांना पटलं, विश्वस्तांना पटलं, मलाही पटलं. उन्हानं भाजलेल्या गावात थंड या शब्दापुढे कुणी पुढचा प्रश्न विचारत नाही. झडप उघडली तेव्हा माझ्याही तोंडून "हुश्श" निघालं.

धुकं एकदम आलं नाही. एकदम आलं असतं तर बरं झालं असतं. आधी फोटो नुसते किंचित मऊ झाले, जुन्या लग्नाच्या अल्बममधल्यासारखे. काळं होतं ते राखाडी झालं, हिरवं होतं ते फिकं. ठळक रोग दिसत राहिले, आणि ठळक दिसत राहिले म्हणून कुणाला संशय आला नाही. जे मुळातच मंद होतं, ते मात्र गुपचूप राखेत मिसळलं. पडद्यावर काही नसणं म्हणजे रोग्याला काही नसणं, हा आमचा सगळ्यांचा करार होता.

त्या दिवसांत सारिकाचा तुकडा आला. जेऊरजवळच्या एका वस्तीवरची, बार्शीच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला असलेली मुलगी. चेहरा सुजून डोळ्यांच्या फटी झालेल्या, पायावर बोट दाबलं तर खड्डा तसाच राहायचा. तिच्याबरोबर तिची आई हौसाबाई. तिनं कूलरसमोरचा बाक धरला आणि पोरीला ऐन वाऱ्यात बसवलं.

"हितं लई गार लागतंय बघा," ती मला म्हणाली. "ज्येनं ह्ये दिलं त्येचं भलं हू दे."

सारिकाची स्लाइड मी अंधारात बघितली. नळीला डोळा लावल्यावर काहीतरी फिकट हिरवं असल्यासारखं वाटलं. पण अंधारात बराच वेळ बसलं की नसलेलं हिरवंही दिसायला लागतं, म्हणून तर कॅमेरा. कॅमेऱ्यात राखाडी होतं. फोटो पुण्याला गेले, आणि उत्तर आलं की काही आढळत नाही.

आमचे किडनीचे डॉक्टर हिरेमठ तो रिपोर्ट हातात घेऊन माझ्या दारात उभे राहिले. "बाई, कागद म्हणतो काही नाही. पोरीचे पाय म्हणतात आहे. मी ऐकू कुणाचं?"

त्यांची अडचण खरी होती. रोगाचं नाव कळल्याशिवाय ती जबर औषधं देता येत नाहीत, आणि नाव कळेपर्यंत किडनी थांबत नाही. ती रोज थोडी थोडी दगड होत जाते. व्हरांड्याच्या टोकाला डायलिसिसचा वॉर्ड आहे. त्याचं दार उघडलं की आतली माणसं दिसतात, नळ्यांनी यंत्राला बांधलेली, छताकडे बघत पडलेली. हौसाबाई पाणी आणायला जाता-येता त्या दारापाशी रेंगाळायची.

"बाई," तिनं एकदा हळूच विचारलं, "त्या खोलीत गेलेलं मानूस भायेर येतंय का वो?"

"येतं की. पण आठवड्यातून दोन-तीनदा परत जावं लागतं."

"किती वरीस?"

मी हातातली फाइल चाळायला लागले. ती म्हणाली, "माजी पोरगी त्या दारातनं जायाला नगं. बाकी काय बी करा. काय निगालं न्हाय म्हंताय, मंग पोरगी फुगतीया कशानं?"

दरम्यान फोटोंच्या मध्यभागी एक डाग उमटायला लागला होता. गोल, कडेला विरत जाणारा, पावसाळी चंद्राच्या खळ्यासारखा. स्लाइड बदलली, डाग तिथेच. नव्या बाटलीतला रंग वापरला, डाग तिथेच. दिव्यावर संशय घेतला, भिंगं पुसली. मग कॅमेरा त्याच्या जागी फिरवून बघितला. चित्र फिरलं, डाग हलला नाही. म्हणजे तो रोग्यात नव्हता, काचेच्या पट्टीत नव्हता, भिंगात नव्हता. तो बघणाऱ्यात होता. हे कळल्यावर मला खोलीत एकटं बसवेना.

कंपनीचा इंजिनिअर पुण्याहून आला. चुणचुणीत पोरगा, गळ्यात ओळखपत्र.

"आत वाफ धरत असेल का?" मी विचारलं.

"कंडेन्सेशन? सोलापुरात?" तो मनापासून हसला. "मॅडम, इथं माझा घामसुद्धा शर्टापर्यंत पोचत नाही."

त्यानं दिवसभर फोटो काढले आणि सगळे स्वच्छ निघाले. काळं काळं, हिरवं हिरवं, डागाचा मागमूस नाही. त्यानं 'दोष आढळला नाही' असं लिहिलं, घरच्यांसाठी शेंगाचटणी घेतली आणि संध्याकाळच्या गाडीनं गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी डाग परत आला. जाणकार माणूस समोर असला की गायब होणारे दोष मला माहीत होते. शाळेत तपासणीला साहेब आले की आमचा अख्खा वर्ग तसा व्हायचा. पण यंत्राला साहेब कळतो हे मानायला मन तयार नव्हतं.

पुढे एका सकाळी जिना चढताना शिवाप्पाची आरोळी ऐकू आली. तो अक्कलकोटकडचा, आनंद झाला की कानडीत जातो. "नीर बंतु, मॅडम! नीर बंतु!" पाणी आलं. आमच्या शहरात नळाला पाणी रोज येत नाही, त्यामुळे ते येणं ही वर्दी देण्याजोगी गोष्ट आहे. रुग्णालयात आलेलं पाणी आधी डायलिसिसला, मग प्यायला, मग संडासांना, आणि उरलं तर दुपारच्या आत कूलरला. ज्या दिवशी उरत नाही त्या दिवशी कूलर कोरडाच फिरतो. तरी फिरतो, कारण स्मरणार्थ आहे.

त्या दुपारी मी फ्रिजमधली बाटली टेबलावर ठेवून कामाला लागले. तहान लागली म्हणून ती उचलली तर खाली पाण्याचं कडं उमटलेलं होतं. मी ते बोटानं पुसलं. बाटलीवर बोट फिरवलं, ओली. ऐन वैशाखात, सोलापुरात, बाटलीला घाम. मी बराच वेळ त्या कड्याकडे बघत राहिले. मग इंजिनिअर आला होता तो दिवस आठवला. त्या दिवशी शिवाप्पा रिकाम्या बादल्यांवर चिडलेला होता, नळ आलाच नव्हता.

मी कॅमेरा सोडवला आणि त्याची पुढची काच बॅटरीच्या उजेडात तिरपी धरली. तिच्यावर वाफ होती. पातळ, एकसारखी, कुणीतरी नुकताच श्वास सोडल्यासारखी. म्हातारं माणूस निपचित पडलं की घरातलं कुणीतरी त्याच्या नाकापुढे आरसा धरतं. आरसा धुरकटला की सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो, आहे अजून, आहे. माझ्या हातातल्या काचेवर तशीच वाफ होती, पण तिनं कुणाचा जीव भांड्यात पडणार नव्हता. मी बघत असतानाच ती कडेनं विरत गेली आणि काच पुन्हा निष्पाप झाली.

गावाची हवा कोरडी होती, आम्ही ती ओली करून आत सोडली होती. कॅमेऱ्याच्या आतल्या गारठ्यानं थंड झालेल्या काचेनं जे करायचं तेच केलं.

मी झडप लावली, बाहेर आले आणि कूलरचा प्लग उपटला. तो पुरुषभर पंखा घरघरत थांबला. व्हरांडा आधी गप्प झाला, मग कण्हायला लागला. पाच मिनिटांत छपराच्या पत्र्याची धग वरून उतरली. माणसं पदरानं, एक्स-रेच्या पाकिटानं वारा घ्यायला लागली. सारिका भिंतीला डोकं टेकून बसली होती, तोंड लालबुंद.

"बाई, पोरगी भाजाया लागली," हौसाबाई उठून आली. "तेवढं वारं चालू करा की."

"आज नाही. ह्या वाऱ्यानंच तिचा रोग झाकला."

"वाऱ्यानं?"

मी सांगितलं. वाफ, काच, फोटो. तिला सगळं कळलं की नाही कोण जाणे, पण ती कूलरजवळ गेली. तिनं ओल्या गवतावर तळहात ठेवला आणि तो पदराला खसाखसा पुसला.

"म्हंजी आमी ज्येच्या म्होरं बसलो व्हतो, त्येनंच?"

आणि नेमके तेव्हाच आप्पासाहेब आले. पुढच्या आठवड्यात त्यांचा सत्कार होता. हातात पत्रिकांचा गठ्ठा.

"कुणी बंद केला?"

"मी."

"बाई, वीज गेलीय असं सांगा. मी समजून घेईन."

"वीज आहे, आप्पासाहेब."

"माझ्या आईचं नाव आहे त्याच्यावर."

"नाव तसंच आहे. पंखा बंद केलाय."

ते चिडले. कॅमेरा थंड, कूलर थंड, थंडाचं थंडाशी काय वाकडं, असं त्यांनी विचारलं. महिन्यापूर्वी मीही हेच विचारलं असतं. मी त्यांचा चष्मा मागून घेतला, काचांवर तोंडानं वाफ सोडली आणि लगेच त्यांच्या नाकावर ठेवला.

"आता त्या पोरीकडे बघा. कशी दिसतेय?"

ते बघत राहिले. "धूसर."

"तिच्या किडनीचा फोटो असा निघालाय. आणि त्यावरून आम्ही तिला सांगितलंय की काही झालेलं नाही."

चष्म्यावरची वाफ विरली तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला होता. ते बाकाच्या कडेला बसले. "आई उन्हानं गेली माझी," ते म्हणाले, मला नव्हे, समोरच्या फरशीला. "दवाखान्याच्या बाकावर, नंबर यायची वाट बघत. मी पाणी आणायला गेलो होतो." मग गठ्ठ्याची दोरी सोडून त्यांनी एकेक पत्रिका सगळ्यांना वाटली. जाड, सोनेरी कडेच्या पत्रिका. व्हरांडाभर लोक त्यांनी वारा घेत बसले. आप्पासाहेब स्वतः सारिकाला वारा घालत होते. सत्काराच्या पत्रिकेचा इतका चांगला उपयोग मी आजवर पाहिलेला नाही.

आत खोली भट्टीसारखी तापली होती, पण बाटलीखाली आता कडं उमटत नव्हतं. सारिकाचा गोठवलेला तुकडा जवळपास संपला होता. बघण्याजोगा भाग त्यात उरलाय की नाही हे कापल्याशिवाय कळणार नव्हतं, आणि कापताना तो चुरला असता तर मुलीच्या पाठीत पुन्हा सुई. तेवढी तिची ताकद उरलेली नव्हती. मी कापलं. रंग सोडला, थांबले, दिवा लावला.

हिरवं होतं. फिकट नाही, संशयाचं नाही. काळोखात एकेक गोल गुच्छ कडांनी पेटलेला, दूरवरच्या गावासारखा. इतकं सुंदर होतं की मला लाज वाटली, आणि इतका आनंद झाला की जास्त लाज वाटली. एका मुलीच्या शरीरात रोग आहे म्हणून मी अंधारात हसत होते.

पुण्याच्या बाईंचा फोन लगेच आला. "आहे. सगळीकडे आहे. आजच औषध सुरू करा." मग त्यांनी विचारलं, "हे आधीच्या फोटोत नव्हतं?"

"नव्हतं."

"कधीपासून?"

पाडव्यापासून, मी म्हणाले. म्हणजे बहुतेक पाडव्यापासून. कारण सुरुवातीचं धुकं दिसण्याइतकं दाट नव्हतंच.

ज्यांना काही नाही म्हणून घरी पाठवलं होतं त्यांना आम्ही फोन लावले. काही आले. काहींचे तुकडे उरले होते, काहींचे संपले होते, आणि जुन्या स्लाइडमधला उजेड एव्हाना विझलेला होता. तो साठवून ठेवता येत नाही. एक फोन कायम बंद लागायचा. अजूनही कधीतरी मी तो लावून बघते. विश्वस्तांची एक बैठक झाली आणि झाल्या प्रकाराला अतिउष्णता कारणीभूत ठरली, ज्याला कुणी हरकत घेण्याचं कारण नव्हतं. एसी दुरुस्त झाला. काचेभोवती आता एक बारीक कडी आहे, ती काचेला ऊब देते. कूलर आप्पासाहेबांनी स्वतः उभं राहून पलीकडच्या भिंतीला हलवला. नाव पुन्हा रंगवलं. पुढच्याच वर्षी तेही गेले, हिवाळ्यात.

सारिका अजून दर महिन्याला येते. चेहऱ्यावरची सूज गेली, डोळे मोठे आहेत असं आता कळतं. डॉक्टर हिरेमठ तिचे कागद बघून "थांबलंय" म्हणतात. "गेलंय" असं ते कधी म्हणत नाहीत, आणि हौसाबाई दर वेळी तो शब्द निघतोय का म्हणून त्यांच्या तोंडाकडे बघत असते. जेवढे दिवस धुक्यात गेले, तेवढी किडनी दगड झाली ती झाली. टोकाचं ते दार तिच्यासाठी उघडलेलं नाही. लागलेलंही नाही.

परवा टेम्पो आला. शिवाप्पानं नवं गवत बसवलं, आरोळी दिली, पाणी सोडलं. वास पसरला, माना वर झाल्या. सारिका बाकावर बसली होती, तिनंही डोळे मिटले.

"ऊठ," हौसाबाई तिच्या दंडाला धरून म्हणाली. "हितं नगं."

"आये, आता काय नसतंय त्येचं. बाईंनी सांगितलंय की."

"ऊठ म्हन्ते न्हवं."

दोघी जिन्याच्या पायऱ्यांवर जाऊन बसल्या, ऐन झळांत. मी दारात उभी होते. तेवढ्यात नुकतीच आत आलेली एक बाई, पाय सुजलेले, हातात फाइल, रिकाम्या झालेल्या जागेकडे लगबगीनं गेली आणि वाऱ्यासमोर बसून तिनं पदर सैल केला.

"बरं झालं," ती शेजारणीला म्हणाली, "नेमकी हीच जागा मिळाली."